आधी मेन, मग अप्पा

“सांग बघू, आधी काय?”

अक्का, माझ्या सासूबाई, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून उभ्या होत्या. काखेत पिशवी, पिशवीत बाळंतविडा, दारात रिक्षा, आणि हॉर्न वाजवून वाजवून कंटाळलेला रिक्षावाला. निपाणीला त्यांच्या भाचीच्या लेकीचं बारसं होतं, एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी परत यायचं होतं. पण घोडं दारातच अडलं होतं.

“आधी मेन,” मी म्हटलं.

“मग?”

“मग अप्पा.”

“हात कवा लावायचा?”

“मेन पाडल्यावर. त्याआधी नाही.”

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि सगळं पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, “येतो गं मी उद्या.” कोल्हापूर भागातल्या बायका अशाच ‘येतो, जातो’ म्हणतात. मी बार्शीची, मला सुरुवातीला हसू यायचं. त्या दिवशी मात्र आलं नाही. रिक्षा कोपऱ्यावर वळली. नवरा संध्याकाळशिवाय कामावरून येणार नव्हता, तोवर त्या घरात मी आणि माझे सासरे अप्पा दोघंच.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझ्या लग्नाला वर्षसुद्धा व्हायचं होतं. स्थळ आलं तेव्हा मला सांगितलं होतं की मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे, सासरे महालिंगप्पा बेळगुद्री हे हायस्कुलातून भूगोल शिकवून निवृत्त झालेत, माणूस शांत आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. सगळं खरं होतं. फक्त मागच्या खोलीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

गडहिंग्लजच्या त्या घरात मागच्या अंगाला एक लांबोडकी खोली होती. पूर्वी तिथे जळण आणि शेंगांची पोती असायची. अप्पांनी पोती हलवली आणि शाळेच्या भंगारात निघालेल्या बाकांच्या फळ्या जोडून भिंतीला लागून लांब टेबल केलं. वर जगाचा नकाशा, तोही शाळेचाच. रेडिओवर दूरदेशीचं एखादं स्टेशन सापडलं की त्या गावात ते टाचणी टोचायचे. नैरोबी, ताश्कंद, कोलंबो, सगळीकडे जाऊन आल्यासारखे. टेबलावर पोटं उघडी टाकलेले जुने रेडिओ, च्यवनप्राशच्या डब्यांत भरलेले बारीकसारीक भाग, वायरींची भेंडोळी, आणि सगळ्यावर सोल्डरिंगच्या राळेचा वास. पंचक्रोशीतले लोक आपल्या आजोबांचे मुके झालेले रेडिओ घेऊन यायचे आणि अप्पा त्यांना बोलतं करायचे.

हौस चांगलीच होती. पण त्यांना खिशातले ट्रान्झिस्टर आवडत नसत, त्यांना ते खेळणी म्हणायचे. त्यांचा जीव जडला होता तो व्हॉल्व्हच्या रेडिओंवर. आत काचेचे दिवे मंद पेटतात, आणि लाकडी पेटीच्या पोटात घरातल्या विजेपेक्षाही जास्त व्होल्ट खेळत असतात. तो रेडिओ दुरुस्त करायचा तर चालू ठेवूनच करावा लागतो. म्हणजे माणूस त्या विजेत बोटं घालून बसणार.

म्हणून त्या घराच्या काही रीती होत्या. काम करताना अप्पांचा डावा हात लेंग्याच्या खिशात असायचा. एकाच हाताने काम केलं तर वीज छातीतून आरपार जायला वाट सापडत नाही, असं त्यांनी मला समजावलं होतं. दुसरी रीत हाकेची. टेबलाशी बसले की ते आवाज द्यायचे, “बसलो गं.” स्वयंपाकघरातून अक्का म्हणायच्या, “बसा.” उत्तर आल्याखेरीज बटण दाबायचं नाही. घरात कुणीतरी आहे, कुणाचा तरी कान आपल्याकडे आहे, एवढं कळलं की मगच काम. अप्पांचा कागलचा एक मित्र असाच छंदिष्ट होता. घरचे लग्नाला गेलेले असताना तो एकटाच टेबलाशी बसला, आणि घरचे अक्षतांची पिशवी घेऊन परतले तेव्हा टेबलावरचा दिवा चालू होता आणि माणूस संपला होता.

तिसरी रीत म्हणजे आवाज बंद पडला तर काय करायचं. एक हाक मारायची. ओ आली नाही तर बोळातल्या खांबावरचा मेन स्विच खाली ओढायचा आणि मगच खोलीत शिरायचं. चिकटलेल्या माणसाला हात लावला की एकाची दोन प्रेतं होतात, असं अक्का तांदूळ निवडता निवडता सांगायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून याची रंगीत तालीम करून घेतली. अप्पा बिचारे टेबलावर डोकं टेकवून मेल्याचं सोंग घेऊन बसले होते. मी पळत गेले, मेन पाडला, आत शिरले, आणि त्यांचा एक डोळा किलकिला उघडा दिसल्यावर मला हसू फुटलं. अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मेलेल्या माणसाला हसतीस?” एवढंच म्हणून त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून मला त्या खोलीची भीती वाटायला लागली, आणि ती खरीखुरी भीती होती. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्येही माझा कान तिकडेच असायचा.

एक बरं होतं. खोलीतल्या फळीवर एक रेडिओ कायम मोठ्याने चालू असायचा. ते लोडशेडिंगचे दिवस, अर्धा दिवस वीज नसायची. पण अप्पांनी स्वतःच्या हाताने इन्व्हर्टर बनवला होता. वीज गेली की घरातला पंखा थांबायचा, फ्रिज गप्प व्हायचा, पण मागची खोली आपली चालूच. याचा अप्पांना फार अभिमान. आलेल्या पाहुण्याला ते मुद्दाम वीज जाईपर्यंत बसवून घ्यायचे.

तर अक्का निपाणीला गेल्या. अप्पा शहाण्यासारखे पेपर वाचत बसले. आज बसत नाही, सुट्टी घेतो, असं मला आपणहून म्हणाले. मी मनातल्या मनात बसवण्णांना नारळ कबूल केला. पण जेवण झालं आणि त्यांची चुळबूळ सुरू झाली. आजऱ्याच्या कुणाचा तरी रेडिओ आला होता, त्यात एक घरघर होती, ती त्यांना सापडत नव्हती. खोलीत नुसतं बघून येतो म्हणून गेले. मग आवाज आला.

“बसलो गं.” जरा थांबून पुन्हा, “म्हणजे, बसलोय हो निलांबरी.”

मी “बसा” म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी जोराने म्हटलं.

फळीवरच्या रेडिओवर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागला होता. कुणी कृषी अधिकारी उसावरच्या हुमणी किडीबद्दल संथ लयीत बोलत होते. मी शेंगा सोलायला घेतल्या आणि दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून हाका मारायला लागले. अप्पा, पाणी हवं का. अप्पा, खिडकी उघडू का. अप्पा, पोस्टमन आला होता का. ते प्रत्येक वेळी नको, नाही, उघडीच आहे असं उत्तर द्यायचे. शेवटी हसून म्हणाले, “अगं, अक्कासुद्धा इतक्या हाका मारत नाही.”

मी ओशाळले. म्हातारा माणूस कामात आहे आणि आपण माशीसारखं भुणभुण करतोय असं वाटलं. हाका बंद केल्या. रेडिओ चालू आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं स्वतःला सांगितलं.

शेंगा संपल्या. मी गॅसपाशी उभी राहिले आणि विचारलं, “अप्पा, चहा ठेवू?”

उत्तर आलं नाही.

अप्पा कशालाही नाही म्हणतील, पण चहाच्या प्रश्नाला ओ न देता राहणं त्यांच्याने होत नसे. मी पुन्हा हाक मारली. हुमणीचे भुंगे कडुलिंबावर जमतात, असं रेडिओ सांगत होता. मला आठवतंय, मी हातातला चमचा नीट ओट्यावर ठेवला. मग पळाले.

बोळातला मेन मी दोन्ही हातांनी खाली ओढला. डोक्यावरचा पंखा मंदावला. फ्रिज हुंदका दिल्यासारखा गदगदून थांबला. आधी मेन झालं होतं. आता अप्पा.

ते स्टुलावर बसलेले होते. पाठ ताठ, मान मागे, आणि दोन्ही हात पुढे. दोन्ही. डावा हात खिशात नव्हता, त्याने रेडिओचा पत्र्याचा सांगाडा पकडला होता. उजव्याची बोटं आतल्या वायरींत होती. खांदे बारीक थरथरत होते. तोंड उघडं, पण आवाज नाही. डोळे नकाशावर लागलेले, न हलता.

मी त्यांच्या खांद्याकडे हात नेला. मेन पाडलेला होता, तालमीत शिकवल्याप्रमाणे सगळं झालं होतं. माझी बोटं त्यांच्या सदऱ्यापासून वीतभर अंतरावर होती, आणि माझ्या लक्षात आलं की हुमणीचं भाषण अजून चालू आहे.

घरातला पंखा थांबला होता आणि ही खोली थांबली नव्हती.

इन्व्हर्टर. मेन पाडला, म्हणजे वीज गेली. वीज गेली, म्हणजे अप्पांच्या हुशार यंत्राने डोळ्याचं पातं लवायच्या आत खोलीला बॅटरीवर घेतलं होतं. इतकी वर्षं त्या घरात ‘आधी मेन’ची घोकंपट्टी चालली होती, आणि ज्या दिवशी इन्व्हर्टर जोडला त्या दिवसापासून त्या मेनचा या टेबलाशी काही संबंध उरला नव्हता. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ज्याने बनवलं त्याच्याही नाही.

मी हात मागे घेतला. टेबलाच्या कडेला बटणांची लांब ओळ होती. एकावरही नाव नाही, सगळी अप्पांच्या डोक्यात. मी एक दाबलं, टेबलावरचा दिवा गेला. दुसरं दाबलं, काही झालं नाही. तिसऱ्याने सोल्डरिंगच्या सळईचा लाल दिवा विझला. समोरच्या सांगाड्यातले काचेचे दिवे मात्र तसेच नारिंगी पेटलेले. उरलेली बटणं त्यांच्या दंडाखाली होती. त्या दंडाला न शिवता तिथे हात पोचणं शक्य नव्हतं. इन्व्हर्टर टेबलाखाली, त्यांच्या पायांमागे.

अप्पांचे ओठ निळे पडत चालले होते.

मग मी जे केलं ते बार्शीला माझ्या आईला आजही सांगितलेलं नाही. मी दोन पावलं मागे सरले, भिंतीला पाठ लावली आणि सासऱ्यांच्या बुडाखालच्या लाकडी स्टुलाला सगळ्या ताकदीने लाथ घातली. पहिल्या लाथेने स्टूल नुसतं करकरलं. दुसऱ्या लाथेने ते कोलमडलं आणि अप्पा जमिनीवर कोसळले. त्यांच्या वजनाने उजवा हात वायरींतून सुटला. डाव्याबरोबर तो रेडिओ खाली आला, त्याची वायर बोर्डातून उपटली गेली, काचेचा एक दिवा फटकन फुटला आणि नारिंगी उजेड गेला.

आता हात लावायला हरकत नव्हती. पण मला धीर होईना. मी आधी त्यांच्या लेंग्याला पायाच्या बोटाने शिवून बघितलं. मग बसले आणि त्यांना उताणं केलं. छाती हलत नव्हती. मी आयुष्यात मेलेला माणूस पाहिला नव्हता, आणि मला वाटलं की हाच तो. अक्कांना मी काय सांगू, एवढा एकच विचार डोक्यात गरगरत होता. मी दोन्ही तळहात त्यांच्या छातीवर ठेवून दाबायला लागले. कसं दाबतात हे माहीत नव्हतं, कणीक तिंबतात तसं दाबलं. दाबताना मी त्यांना शिव्या देत होते. त्यांना, त्या रेडिओला, आजऱ्याच्या माणसाला आणि माझं लग्न जमवणाऱ्या मामालाही.

कोरड्या पंपाला एकदम पाणी लागावं तसा त्यांच्या घशातून आवाज आला. श्वास आत गेला. पुन्हा थांबला. पुन्हा गेला. मग ते खोकले, आणि मी भिंतीला टेकून मोठ्याने रडायला लागले.

बऱ्याच वेळाने त्यांचा पहिला शब्द आला.

“मेन?”

“पाडलाय,” मी म्हटलं. “केव्हाच पाडलाय.”

त्यांनी मान वळवून फळीकडे बघितलं. रेडिओवर आता बाजारभाव सांगत होते. अप्पा ऐकत राहिले. गुळाचे भाव झाले, सोयाबीनचे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. एखाद्या हुशार विद्यार्थ्याला सगळ्या वर्गासमोर चूक सापडावी, तसा तो भूगोलाचा मास्तर जमिनीवर पडल्या पडल्या लाजला.

“सांगाडा घसरत होता,” ते म्हणाले. “पडू नये म्हणून डावा हात आपोआप गेला.” आणि मग, “तू लाथ मारलीस?”

“स्टुलाला मारली.”

“बरं केलंस.”

शेजारच्या मोमीनभाभींच्या मुलाने रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. छातीचा आलेख काढला, तो ठीक निघाला. डॉक्टरांनी अप्पांना शाळकरी पोरासारखं झापलं. उजव्या हाताची दोन बोटं आणि डावा तळवा भाजला होता, तिथे मलम लावलं. घरी आल्यावर मी त्यांना खाटेवर निजवलं आणि मग माझा सगळा राग बाहेर पडला. मी म्हटलं, अक्का आल्या की मी सगळं सांगणार आहे, आणि ती खोली कुलूप लावून बंद करायची.

अप्पांनी मला बसायला सांगितलं.

“इन्व्हर्टर मी हौसेखातर केला असं तुला वाटतं ना? तिच्यासाठी केला. वीज गेली की इथला रेडिओ बंद पडायचा. रेडिओ बंद पडला की ती हातातलं टाकून धावत यायची. दिवसातनं चार-चारदा. एकदा तवा तसाच टाकून आली आणि पदर पेटला होता तिचा. मला म्हणाली, काहीही करा, पण तुमचा हा रेडिओ बंद पडू देऊ नका. महिनाभर खपून केला बघ.” त्यांनी भाजलेला हात उताणा करून त्याच्याकडे बघितलं. “तिला भीती वाटू नये म्हणून केलेल्या वस्तूनं मी मरत होतो, हे तिला कळलं तर ती उरलेला जन्म स्वतःला खाईल. तिला सांगू नकोस, पोरी.”

मी वाद घालून बघितला. पण पदराचं ऐकलेलं होतं, शेवटी न सांगायला तयार झाले. एवढंच कबूल करून घेतलं की टेबल इन्व्हर्टरवरून काढायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी, मी डोक्याशी उभी असताना, टेबलाची जोडणी तोडली आणि ती थेट घरच्या विजेवर घेतली. इन्व्हर्टरवर फक्त फळीवरचा रेडिओ ठेवला. मी मेन पाडून बघितला. टेबल मेलं, रेडिओ बोलत राहिला. मी तीन-तीनदा पाडून बघितला. मग मला एकदम हलकं वाटलं. चूक सापडली होती, दुरुस्त झाली होती, माणूस जिवंत होता. गंगेत घोडं न्हालं असं वाटून मी स्वयंपाकाला लागले.

अक्का दुपारी आल्या त्या खुशीत. बारशाच्या घुगऱ्या, बाळाचं नाव, विहिणीचा नखरा, सगळं दारातूनच सुरू झालं. अप्पांचा हात दिसला तसं विचारलं. सळई लागली, अप्पा म्हणाले; आदल्या रात्री माझ्या नवऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं होतं. सोल्डरिंगच्या सळईचे चटके त्या घरात नवीन नव्हते. अक्का दोन शब्द बोलल्या आणि तुपाची वाटी घेऊन आल्या.

जेवण झाल्यावर अप्पा खाटेवर पडून राहिले. अक्कांनी येता-जाता दोनदा बघितलं.

“का हो, आज बसत न्हाईसा? मी नव्हतो म्हणून काल बी बसला न्हाईसा व्हय?”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हटलं तर दहा प्रश्न आले असते. ते उठले, चपला सरकवल्या आणि बोळातून खोलीत गेले. अक्का स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसल्या, बोळाकडे पाठ करून.

मी बोळातच उभी होते. मला खोली दिसत होती. अप्पा टेबलापाशी जाऊन थांबले. कोलमडलेलं स्टूल मी पुन्हा उभं करून ठेवलं होतं, त्याच्याकडे बघत राहिले. बसले नाहीत. मग मागचं दार उघडून परसात गेले आणि नळ सोडून त्याखाली डोकं धरून उभे राहिले. बिचारा माणूस घाबरला होता. मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांना परत बोलवायला निघाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्कांचा खणखणीत आवाज आला.

“बसा.”

मी जागच्या जागी थांबले. खोली रिकामी होती. हाक कुणीच मारली नव्हती.

मी वळून स्वयंपाकघराच्या दारात आले. अक्का शांतपणे मेथीची पानं खुडत होत्या. मी मागूनच विचारलं, “अक्का, अप्पांनी हाक कुठे मारली?” त्यांनी वर बघितलं नाही. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. खुडणं चालूच. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या दचकल्या, वळल्या आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. माझा चेहरा बघूनच त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“केव्हापासून?” मी विचारलं. आवाज चढवला नाही, फक्त त्यांना ओठ दिसतील असं विचारलं.

“डावा तर कवाच गेला. उजवा तू यायच्या आदल्या दिवाळीपासनं.” त्या हळू बोलत होत्या, किंवा त्यांना तसं वाटत होतं. मी दार लोटून घेतलं. “जवळनं बोललेलं कळतंय. तोंड बघून कळतंय. लांबचं न्हाई.”

“मग हाक?”

“आत गेलेलं दिसतंय की. जरा थांबायचं आणि बसा म्हणायचं. एवढ्या वर्षांचं हाय ते, चुकत न्हाई.” आज चुकलं होतं हे त्यांना अजून माहीत नव्हतं. “रेडिओ मोठा लावला असला की ह्या भिंतीला हात लावला तर कळतंय. थरथरतीय. लाइट गेली की ते बी कळंना, मग पळत जायला लागायचं. म्हणून तर इन्व्हर्टर कराय लावला.”

त्यांनी माझा हात धरला.

“त्यास्नी सांगू नगंस, निलांबरी. घरात ऐकणारं कुणी न्हाई म्हटलं की ते बसायचं सोडतील. आणि बसायचं सुटलं की तो माणूस वर्षभर बी टिकायचा न्हाई. म्हणून तर तुला इतकं पढवलं. आता तू हाईस. काल निपाणीत मी कशी झोपलो सांगू? रात्रभर कूस बदलली न्हाई.”

म्हणजे मी त्या घरात आले त्याच्याही आधीपासून अप्पा विश्वासाने हाक मारत होते, उत्तर आल्यावरच बटण दाबत होते, आणि त्या सगळ्या दिवसांत घरात कुणीही ऐकत नव्हतं. भिंत थरथरत होती, तेवढंच. कालच्या दिवशी माझ्या जागी अक्का असत्या तर हुमणीच्या भाषणाने भिंत थरथरत राहिली असती आणि त्या निवांत शेंगा सोलत बसल्या असत्या. काल त्या खोलीत वाटली त्यापेक्षा मोठी भीती मला त्या उजेडाच्या स्वयंपाकघरात वाटली.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मागचं दार लागलं. स्टूल ओढल्याचं ऐकू आलं, आणि मग अप्पांची बारीक, ओली हाक.

“बसलो गं.”

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मान हलवली.

“बसा,” त्या म्हणाल्या.

खोलीत बटण खटकलं. अक्कांनी मेथी टोपलीत भरली, चटई ओढली, पदर डोक्याखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. थोड्याच वेळात त्या घोरायला लागल्या.

मी बोळात जाऊन मेनखाली उभी राहिले. परसात सकाळी धुतलेले कपडे वाळत होते. कारखान्याची काजळी पडायची वेळ झाली होती, ते आत आणायला हवे होते. पण परसात गेलं की आतलं काही ऐकू येत नाही. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा त्याचे पांढरे सदरे दोरीवरच काळे झाले होते, आणि मी तिथेच उभी होते.